उलट्या बाह्यांचा गठ्ठा

माझ्या आईने एकोणीस वर्षं कारखान्यात शर्ट शिवले, पण अख्खा शर्ट एकदाही शिवला नाही. तिच्याकडे फक्त कॉलर. पुढची बाई बाह्या लावायची, त्यापुढची काजं करायची, असा गठ्ठा बारा मशिनींवरून सरकायचा. एकीचा हात अडला की पुढच्या सगळ्या खोळंबायच्या, त्यामुळे बोलणं म्हणजे नुसती कुरकुर.

बाह्यांवर एक नवी बाई आली होती. तिच्या दोन चुका झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा काजवालीनेच सुपरवायझरचे कान भरले होते. तिसरी झाली तर घरी बसायचं, असं नवीला बजावलेलं. त्या दिवशी जेवणाची सुट्टी व्हायला आणि काजवालीच्या हातात वीस शर्टांचा गठ्ठा यायला एकच गाठ पडली. वीसच्या वीस शर्टांना डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे. सुट्टी संपली की तपासणी.

माझी आई म्हणजे नमुना. तिने त्यातला एक शर्ट अंगावर चढवला आणि थेट सुपरवायझरच्या थाटात मशिनींमधून फेरी मारली. शर्ट मागे ओढतोय आणि ही छाती काढून पुढे चालतेय. बायका पोट धरून हसल्या. काजवालीला तर ठसका लागला. रडवेली नवीसुद्धा हसली.

मग आईने शर्ट काढला आणि बाही उसवायला घेतली. मदतीला या, असं कोणालाही म्हणाली नाही. पहिली उठली ती काजवाली. तिच्या मागोमाग सगळ्या. डबे तसेच राहिले. हे मला काजवालीनेच सांगितलं. आई घरी आल्यावर फक्त भूक लागली म्हणाली होती.

सुपरवायझर आला तेव्हा शर्ट सरळ होते, पण जमिनीवर उसवलेल्या धाग्यांचा ढीग होता. चूक कोणाची, त्याने विचारलं. नवी उठायला लागली. काजवालीने तिला दंडाला धरून खाली बसवलं.

"आमच्या लाइनची," ती म्हणाली. "आणि दुरुस्तही आम्हीच केली."

त्याने नाव लिहायला उघडलेली वही मिटली. नवी कामावर राहिली.

आई फक्त कॉलर लावायची, हे सांगताना मी पूर्वी पुटपुटायचे. आता चारचौघांत मोठ्याने सांगते.