दिवा विझल्यावरची ओळख

“अंगावर काही खूण? तीळ, डाग, गोंदण?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

नानांनी मान हलवली. “मी कधी देखंच नही, डॉक्टरसाहेब.”

मला राग आला. बावीस वर्षांचा संसार, चार मुलं, आणि खूण माहीत नाही?

तेव्हा मी एरंडोल तालुक्यात सरकारी डॉक्टर होतो. गिरणेवर कपडे धुताना नानांची बायको पुरात वाहून गेली होती. तीन दिवसांनी एका बाईचं प्रेत सापडलं. चेहरा ओळखू येत नव्हता, लुगडं-बांगड्या पाण्याने नेल्या होत्या. पोस्टमॉर्टेम, म्हणजे मरणाचं कारण शोधायला प्रेत उघडून तपासणं, सकाळीच उरकलं होतं. ओळख पटली नाही तर हवालदार तिला बेवारस म्हणून पुरणार होते.

“चादर उचलतो. नीट बघा.”

“नको!” नाना दोन पावलं मागे सरले. “तिले चालावं नही. घरमा दिवा इझाडीसनच ती जोडे ये.”

दिवा विझवल्याशिवाय ती कधी जवळच आली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मग नाना म्हणाले, “खिडक्या लाई ल्या. तुम्ही बठ्ठा भितडाकडे तोंड करा.”

हवालदार हसले. मी त्यांना दटावलं आणि खिडक्या लावल्या. भर दुपारी शवागाराच्या खोलीत काळोख झाला. फिनेलचा वास एकदम वाढला. आम्ही दोघे भिंतीकडे वळून उभे राहिलो.

मागे चादर सरकली.

“मी शे व. भिऊ नको,” नाना म्हणाले. घरी म्हणत असतील तसंच, हळू. “सरक जराशी.”

माझ्या अंगावर काटा आला. खरंच कोणी सरकलं तर? वळून बघायची छाती झाली नाही. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. एकाचाच आहे ना, हे मी कान देऊन ऐकत होतो.

मग नाना रडू लागले. “मनीच बायको शे. डावा खांदाजोडे हाड वर येल शे. धाकलाना येळे पडनी व्हती.”

डाव्या खांद्याजवळचं हाड पूर्वी कधीतरी मोडून जुळलेलं होतं. सकाळी मी ते टिपलं होतं. कागद माझ्या खिशात होता, कुणालाच दाखवला नव्हता.

खिडक्या उघडल्या तेव्हा चादर तिच्या गळ्यापर्यंत नीट घातलेली होती. नानांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

“ओळख कशावरून पटली, काय लिहू?” हवालदारांनी विचारलं.

“हात लावून,” मी म्हणालो.

संध्याकाळी नानांनी तिला अग्नी दिला. त्यानंतर मी कोणत्याही नवऱ्याला खूण विचारली नाही. त्या दिवशी घरी बायको जेवायला वाढत होती. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिच्या अंगावरची एक खूण मला आठवेना, आणि विचारायची लाज वाटली.