शेडमागचा रानलसूण

वडील, नाना, भारतातून हॉलंडला तिच्या आल्मेरेच्या घरी येण्याच्या आदल्या दिवशी प्रमोदिनीने शेडमागच्या वाफ्यातल्या पाट्या उपटल्या. बोटभर लांबीच्या, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या एकोणीस पाट्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, बी कुठल्या रानातलं, पेरलं कधी, उगवलं कधी. त्यांना रबरबँड लावून तिने त्या मोज्यांच्या खणात टाकल्या. नानांनी त्या वाचल्या असत्या, आणि वाचून गप्प बसले नसते.

नानांची सगळी नोकरी सरकारी बीजगुणन केंद्रात गेली होती. बी म्हणजे काय हे प्रमोदिनी शाळेत जायच्या आधी त्यांच्याकडूनच शिकली. ज्वारीचे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, चौथ्या दिवशी उलगडून मोड मोजायचे, शंभरातले किती उगवले ते पाटीवर लिहायचं. पुढे पुण्यात एम.एस्सी. आणि मग हॉलंडमध्ये वाखनिंगनच्या विद्यापीठात पीएच.डी., ही सगळी त्या गोणपाटाचीच वाट होती. तिचा विषय होता रानलसणाचं बी. इथल्या जुन्या झाडीत, सावलीत, ओलसर जमिनीवर हा लसूण आपोआप पसरतो. पानं रुंद, फुलं पांढरी, वास थेट आपल्या लसणाचा. डच लोक त्याला ‘डासलोक’ म्हणतात. त्याचं बी मोठं हट्टी. आधी उन्हाळ्याची ऊब हवी, मग हिवाळ्याची थंडी हवी, तेव्हा कुठे उगवायचं मनावर घेतं. कधी एका हिवाळ्यात, कधी दोन.

प्रमोदिनीच्या प्रयोगातल्या बियांना दोनदा बुरशी लागली. चार वर्षांची मुदत संपली तेव्हा प्रबंधाची दोनच प्रकरणं हातात होती. मुदत वाढवून मागायला हवी होती, पण ती विद्यापीठाच्या त्या इमारतीत पाऊल टाकायलाच घाबरू लागली होती. जून २००२मध्ये तिने टेबल रिकामं केलं. टाकून द्यायला काढलेलं ताजं काळं बी मात्र मागून घेतलं आणि नुकत्याच घेतलेल्या आल्मेरेच्या घरामागे, शेडच्या सावलीत पेरलं.

त्याच महिन्यात तिकडे आई शेवटच्या दुखण्यात होती. फोनवर आईने क्षीण आवाजात विचारलं, “झालं का गं तुझं?” प्रमोदिनी म्हणाली, “झालं, आई.” आठवड्याने आई गेली. नानांनी आईच्या तेराव्याला सगळ्यांना सांगितलं की तिने लेक डॉक्टर झालेली ऐकून डोळे मिटले. त्यानंतर खरं सांगायची वेळ कधी आलीच नाही. नवऱ्याला, अजितला, सगळं माहीत होतं. सुरुवातीला तो म्हणायचा, “सांगून टाक एकदाचं.” पुढे त्यानेही सोडून दिलं.

प्रमोदिनीला युट्रेख्टच्या एका विमा कंपनीत अर्ज तपासायची नोकरी लागली. सकाळची ट्रेन, संध्याकाळची ट्रेन, आणि उरलेला जीव त्या वाफ्यात. आल्मेरेची जमीन म्हणजे समुद्र हटवून काढलेली, चिकट, करडी माती. रानलसणाला हवी पानांची मऊ माती. दर शरदात ती सायकलला पिशव्या बांधून रस्त्यावरची गळलेली पानं गोळा करून आणायची, कुजवायची, वाफ्यात मिसळायची. २००३मध्ये एकेक पान वर आलं, गवताच्या पात्याएवढं. पुढच्या वर्षी आणखी आली. २००६च्या मे महिन्यात पहिल्यांदा फुलं आली, सात दांड्यांना. जूनच्या शेवटी धरलेलं बी तिने वाळू न देता तिथेच परत पेरलं. ज्या गोष्टीवर तिला लिहिता आलं नाही ती तिच्या डोळ्यांसमोर घडली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नाही, अजितलाही नाही.

रानलसणाची आणखी एक खोड आहे. बी धरलं की पानं पिवळी पडतात, आडवी होतात आणि पंधरा दिवसांत नाहीशी होतात. खाली कंद झोपतो तो थेट फेब्रुवारीपर्यंत. त्याच वर्षी जुलैत नाना आले तेव्हा शेडमागे काळी मोकळी माती होती आणि तिच्यावर चार वाळकी पानं.

नाना एकाहत्तर वर्षांचे. आल्यावर दोन आठवडे त्यांनी सोफ्यावर बसून काढले. बाहेर पडलं तर बोलायला कुणी नाही, घरात दोघंही दिवसभर नाहीत. एका सकाळी त्यांनी विचारलं, “अजितराव, त्या शेडमागची जागा मोकळीच आहे ना?” अजितचं डोकं लॅपटॉपमध्ये होतं. “हो, हो. करा की काय करायचं ते.”

नानांनी खणायला घेतलं आणि पहिल्याच फावड्याला त्यांना कंद दिसले. बारीक, पांढरट, जागोजाग. हे इथल्या लव्हाळ्यातलं काहीतरी असणार, असं त्यांनी ठरवलं. त्याचा वास त्यांना सांगून गेला असता, पण तीस वर्षं बियाण्याला औषधाची भुकटी चोळून त्यांच्या नाकाला कसलाच वास उरला नव्हता. आणि असलं तण कसं काढायचं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एक गाठ राहिली तरी पुन्हा माजतं. त्यांनी प्रमोदिनीची गव्हाची चाळण घेतली आणि तीन दिवस खपून वाफ्यातली वीतभर माती चाळली. कंद निघाले तेवढे, आणि मातीत दिसले ते काळे दाणेही, बागकचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकले.

त्या तिन्ही संध्याकाळी पाऊस रिमझिमत होता. प्रमोदिनी सातला घरी यायची, स्वयंपाक करायची. शेडमागे ती गेलीच नाही. जायचं कारण नव्हतं, लसूण झोपलेला होता.

शुक्रवारी नानांनी तिचा हात धरून तिला मागे नेलं. दोरी लावून आखलेले सरळ वरंबे होते. “मेथी आणि कोथिंबीर,” नाना म्हणाले. “तुला इथे ताजी मिळत नाही म्हणालीस ना. अगं, काय तण माजलं होतं! एक गाठ ठेवली नाही बघ.”

“ते कुठे टाकलं, नाना?”

“हिरव्या डब्यात. आज सकाळीच गाडी घेऊन गेली.”

प्रमोदिनी ओल्या मातीत खाली बसली. तिने वरंब्यात हात घातला आणि माती बोटांतून सोडली. माती भुसभुशीत होती, खडासुद्धा नव्हता. नानांना वाटलं तिला चक्कर आली. त्यांनी तिला आत आणलं, पाणी दिलं.

“ते तण नव्हतं,” ती म्हणाली. “मी पेरलेलं होतं.”

“तुझा प्रयोग होता?” नानांचा चेहरा उतरला. “पण पमे, तू तर डॉक्टर झालीस. आता कसला प्रयोग?”

तेव्हा तिने सांगितलं. बुरशी, दोन प्रकरणं, रिकामं केलेलं टेबल, फोन. मोज्यांच्या खणातल्या पाट्यांबद्दलही सांगितलं, कारण त्या जागेवर असत्या तर नानांनी फावडं लावलंच नसतं, आणि हे तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. नाना ऐकत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं.

“तुझ्या आईला माहीत होतं?”

“नाही.”

“बरं झालं.”

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा नाना शेडमागे चाळण घेऊन बसले होते. पुन्हा सगळी माती चाळत होते. दुपारी ते आत आले, हात धुतले आणि म्हणाले, “काही नाही राहिलं. मी काम नीट केलं होतं.”

वरंबे त्यांनी पुन्हा घातले. कोथिंबीर आली नाही. मेथी आली, सावलीमुळे लांबुडकी, फिकट. नाना परतायच्या आदल्या आठवड्यात तिने ती खुडून भाजी केली. मूठभर झाली. तिघांनी वाटून खाल्ली. अजित म्हणाला, “छान झालीय.”

फेब्रुवारीत ती रोज सकाळी ट्रेनच्या आधी शेडमागे जाऊन येई. मार्चमध्येही गेली. नाना दर रविवारी फोनवर विचारायचे, “काही आलं का?” ती म्हणायची, “नाही, नाना.” तिला आता खोटं बोलायचं नव्हतं. एप्रिलच्या एका रविवारी त्यांनी विचारलं नाही, आणि पुढे कधीच विचारलं नाही. अजितने दुकानातून डासलोकचं रोप आणून देऊ का म्हणून विचारलं. तिने नको म्हटलं. त्या वर्षी पानं गोळा करायलाही ती गेली नाही. शेडमागे खाजरं तण उगवलं, ते तिने राहू दिलं.

डिसेंबरात चुलतबहिणीच्या, सुमेधाच्या, लग्नाला ती एकटी पुण्याला गेली. जेवणाच्या पंगतीपाशी नानांचे जुने साहेब भेटले. “ही का तुमची डॉक्टर मुलगी?” त्यांनी विचारलं.

नाना तिच्या शेजारीच उभे होते. हातातल्या द्रोणाकडे बघत ते म्हणाले, “हो.”

साहेब तिला हॉलंडच्या थंडीबद्दल विचारू लागले. ती उत्तरं देत राहिली. नाना द्रोण ठेवायला म्हणून गेले ते परत तिच्या बाजूला आले नाहीत. लांबच्या एका खुर्चीवर, ओळखीचं कुणी नव्हतं तिथे, जाऊन बसले.