बरोबर उत्तराला ढोल
दोन हजार सालानंतरची गोष्ट. शाळेतल्या मुलांनी इंटरनेटवर खेळावा असा इतिहासाच्या प्रश्नांचा खेळ मी नाशिकला आमच्या घरीच बसून बनवत होते. प्रश्न बाबांनी काढले. जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस तो. बरोबर उत्तरासाठी गल्लीतल्या मिरवणुकीतला ढोल टेप केला. उत्तर चुकलं तर पोरं हिरमुसू नयेत म्हणून आईला माइकपुढे बसवलं. तिला एकटीला बोलायला सुचेना, म्हणून समोर बाबांना बसवलं. मग काय, सवयीनं "अहो"च तोंडात आलं, "अहो, चुकलं वाटतं! असू द्या, परत बघा बरं." मी पोट धरून हसले आणि तेच ठेवलं.

पुढे आई ताईच्या दुसऱ्या बाळंतपणाला कळवणला गेली. लेकीच्या सासरी मुक्काम करणं बाबांना पटेना. आईशी फोनवरही त्यांचं "बरी आहेस ना? ठेवतो" एवढंच. संध्याकाळी मात्र खेळ तपासतो म्हणून कॉम्प्युटरपुढे बसायचे.

आणि चुकायला लागले! पांडवलेणी कोणत्या शहराजवळ? म्हणे कोल्हापूर! दरवर्षी पोरांची सहल तिथे नेणारे बाबा! शेजारचे काका असेच आधी नावं विसरले होते, मग घरचा रस्ता. मी घाबरले की चिडते, स्वभावच आहे माझा.

"बाबा, पांडवलेणी कुठे आहेत? खरं सांगा."

"कुठे म्हणजे? आपल्या नाशकात! आता सातवाहनांच्या काळात..." त्यांनी तर तासच सुरू केला.

"मग कोल्हापूर का दाबलंत?"

ते माऊसशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "बरोबर उत्तर दिलं की नुसता ढोल वाजतो गं."

मला हसूही आलं आणि रडूही. तशीच उठले, कळवणला फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. "इश्श, काहीतरीच तुझं!" म्हणाली आणि फोनच ठेवून दिला.

बारसं उरकल्या उरकल्या ती एस.टी.नं घरी आली. संध्याकाळी बाबा पुन्हा खेळायला बसले. ढोलावर ढोल वाजायला लागले. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अहो, किती तो ढोल! डोकं उठलं माझं. पुरे करा आता!"

बाबांनी लगेच कॉम्प्युटर बंद केला आणि आत जाऊन तिच्याशेजारी लसूण सोलत बसले.