आमच्या गोत्रातला सोमाली

आमच्या अमेरिकेतल्या हर्नडनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सॉफ्टवेअर टेस्टर सोमाली आहे. तिशीतला, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, कामात चोख आणि बोलण्यात कंजूष. एका दुपारी माझ्या डब्यातली भेंडी खाता खाता त्याने विचारलं, की शनिवारी मुलगी मागायला जायचंय, तर तुम्ही माझ्या घरचे म्हणून याल का. मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा बघितला आणि माझा घास हातातच राहिला.

भानगड अशी होती. सोमाली लोकांत मुलगी मागायला मुलाच्या कुळातली वडीलधारी माणसं जातात. एकट्या मुलाला कोणी दारात उभं करत नाही. ह्याचे वडील तिकडच्या युद्धात गेले. अमेरिकेत एक चुलता होता, पण मुलीच्या कुळाशी ह्यांच्या कुळाचं जुनं वैर, त्यामुळे त्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणून चुलत्याने फोनच ठेवला. मग कुळातल्या बाकीच्यांनीही अंग काढून घेतलं. इकडे मुलगी दुसऱ्या कोणाचं नाव काढू देत नव्हती.

"एकटा पडलेला माणूस आमच्यात दुसऱ्या कुळाचा आसरा घेतो, जुनी रीत आहे," तो म्हणाला. "मला इथे दुसरं कूळ तुमचंच माहीत आहे."

आमचं कूळ म्हणजे दर शुक्रवारी मिसळीला जमून ग्रीन कार्डाच्या नावाने बोटं मोडणारी पाच-सहा डोकी. त्यातला नागपूरकर मित्र जेवण आहे म्हटल्यावर लगेच तयार झाला. एक तरी पांढरं डोकं हवं म्हणून त्याच्या सासऱ्यांना घेतलं. हे काका मूळचे कोकणातले, हल्ली पुण्याचे, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले. बारशापासून वास्तुशांतीपर्यंत कुठलंही कार्य त्यांना न विचारता झालं की ते रुसतात. मुलाकडून बैठकीला जायचंय एवढंच ऐकून त्यांनी कोटाला इस्त्री केली. मुलगा सोमाली आहे हे त्यांना मी गाडीत सांगितलं, तर म्हणाले, असेना, पद्धतीने झालं पाहिजे.

मुलीच्या वडिलांचं वाणसामानाचं दुकान आहे. आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात गालिच्यावर मांडी घालून बसलो. मोगादिशूत लहानपणी हिंदी सिनेमे बघून त्यांची हिंदी तयार झालेली, त्यामुळे पाणी घेणार का हे विचारलं तरी खलनायक दम देतोय असं वाटे. त्यांनी आधी मुलाला वंशावळ म्हणायला सांगितली. आपण पाढे म्हणायचो तसा तो बाप, आजा, पणजा करत न अडखळता कुठच्या कुठे मागे गेला. मग ते माझ्याकडे वळले. मी वडील, आजोबा, पणजोबा सांगून थांबलो. श्राद्धाला गुरुजी तेवढेच विचारतात, त्यापलीकडचे कधी लागलेच नाहीत. नागपूरकर तर आजोबांवरच आटोपला. यजमानांना आमची इतकी दया आली, की अनाथांना वाढावं तसं त्यांनी आमच्या ताटात आणखी मटण वाढायला लावलं. काका शाकाहारी, त्यांनी सोमाली पद्धतीने भाताबरोबर आलेलं केळं तेवढं घेतलं आणि पक्षाची लाज राखायला पुढे सरसावले. पणजोबांवरून त्यांनी थेट कश्यप ऋषींवर उडी मारली. मधले कुठे गेले, यजमानांनी विचारलं. मधले असणारच, काका म्हणाले.

मग यजमान मुद्द्यावर आले. दोन्ही कुळांचा मूळपुरुष एकच, पण म्हणून काय झालं, युद्धात ह्याच्या लोकांनी माझ्या भावाचं घर जाळलं, असं ते शांतपणे म्हणाले. नकार येणार हे दिसत होतं. मुलाने मान खाली घातली. पडद्याआड मुलीचा श्वास ऐकू येत होता. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात काकांनी चहाचा पेला खाली ठेवला. "मूळपुरुष एक म्हणजे सगोत्र. ही तर भावंडं झाली. हे लग्न होणे नाही."

"अबे, आपण मुलाकडून आलो आहोत ना?" नागपूरकर माझ्या कानात म्हणाला.

मी कपाळाला हात लावला, पण यजमानांनी काकांच्या मराठीचं हिंदी भाषांतर करायलाच लावलं. ऐकून ते खवळले. कसली भावंडं, ज्यांनी घर जाळलं ते भाऊ कसे, असं विचारू लागले. काका गोंधळले.

"भावकीच जाळते घर," ते म्हणाले. "परक्याला कशाला पडलंय?"

मग त्यांनी स्वतःचंच सांगितलं. सख्ख्या भावाशी एका फणसाच्या झाडावरून त्यांचं बोलणं बंद आहे. झाड केव्हाच पडलं, कोर्टात तारखा चालू आहेत. मी भाषांतर करत गेलो. यजमानांनी आधी झाडाची सगळी माहिती काढून घेतली, आणि शेवटी ते डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांच्याकडे हे वैर एका विहिरीवरून सुरू झालं होतं म्हणे.

हवा पालटलेली बघून काकांनी तोडगा काढला. गोत्र आड आलं की आपल्यात दत्तक देतात. सहसा मुलगी देतात, पण मुलगाही चालेल. मुलगा मला दत्तक द्यायचा, माझंही गोत्र काकांसारखं कश्यपच, म्हणजे तो कश्यप गोत्री झाला, मग भावंडंही नाहीत आणि वैरही नाही. ही कल्पना यजमानांना इतकी पटली, की मला कोणी विचारलंच नाही. त्यांनी फक्त माझ्या डोळ्यांत बघून एक प्रश्न केला.

"उद्या हा चुकला, तर जाब कोणाला विचारायचा?"

कूळ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मला, असं मी म्हणालो. माझ्याच व्हिसाचा भरवसा नाही, हा विषय मी काढला नाही.

लग्न थाटात झालं. सहा-सात महिन्यांनी, रविवारी सकाळी, यजमान आणखी दोन वृद्धांना घेऊन माझ्या अपार्टमेंटच्या दारात उभे राहिले. मुलगी माहेरी निघून आली होती. चुलत्याने फोनवर तिच्या कुळाला शिव्या घातल्या, आणि तुमचा मुलगा नुसता ऐकत बसला, ते गरजले. त्याला पाठीचा कणाच नाही.

एरवी मी सॉरी म्हणून मोकळा होतो. पण माझं डोकंच फिरलं.

"आमचा मुलगा तसा नाही," मी म्हणालो, आणि मागून बायको पदर नसताना खोचल्यासारखी पुढे येऊन म्हणाली, की चुलत्याला उलट बोलू नये हे आम्हीच त्याला शिकवलंय.

यजमानांचा चेहरा उजळला. भांडायला समोर माणूस लागतो, असं सोबतच्यांना सांगून त्यांनी बूट काढले आणि आत येऊन ऐसपैस बसले.