ऑइलचा लाल दिवा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं त्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तर नाहीच. तुम्ही आमच्या देवळालीच्या वस्तीवर कधी येणार नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते. सांगताना मध्येच मला हसू येईल — ते मी दाबणार नाही. काय करू? त्या दिवसाइतकी मजा आमच्या घरात लग्नकार्यातसुद्धा आलेली नाही.

आमची पिकअप जुनी, अठरा वर्षांची. गेल्या थंडीत तिचा ऑइल पंप आम्ही घरीच बदलला. आबा साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. त्यांच्यापुढे गॅरेजचं नाव काढणं म्हणजे सुगरणीला खानावळीचा डबा आणून देणं. गोठ्यासमोर गाडी जॅकवर चढवली, चाकांना दगड लावले. नवरा गोणपाट अंथरून खाली शिरला, आबा खाटेवरून हुकूम सोडायला लागले, आणि मी मध्ये पाने-पकडी द्यायला. नट-बोल्ट ठेवायला सासूबाईंची पुरणाची परात घेतली, त्यावरून अर्धा तास खडाजंगी झाली. इंजिनाखालचं चेंबर उतरलं, पंप बाहेर आला — आतले दाते झिजून गुळगुळीत. पुढचं नुकसान मात्र झालेलं नव्हतं, नशीब आमचं. नवा पंप बसवण्याआधी त्यात ऑइल भरून घ्यावं लागतं. ते मी तुपाच्या पळीने भरलं, तर आबा म्हणाले, "निवद दावल्यासारखं ओततीयास की." नवरा गाडीखाली इतका हसला की त्याच्या तोंडावर ऑइल सांडलं.

आमच्याकडे दिवा विझला असं तोंडातून काढत नाहीत, शांत झाला म्हणतात. पण संध्याकाळी गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डावरचा ऑइलचा लाल दिवा गेला, तेव्हा सासूबाईच आधी ओरडल्या, विझला म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच परातीत मग भजी आली — घासून घेतली होती, काळजी नको.

पाहिलंत ना, किती वेळ मी पंपाभोवतीच घोटाळते आहे? खरी गोष्ट त्याच्या आधीची.

नवरा नगरच्या एमआयडीसीत कामाला लागला, तेव्हा आबांनी मला गाडी शिकवली. मग मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन राहुरीच्या बाजाराला एक दिवस ते जायचे, एक दिवस मी, अशी पाळी लावली. पदर खोचून मी त्या सीटवर बसले की — कसं सांगू? मागून कोथिंबिरीचा वास, पुढे कालव्याच्या कडेचा सरळ रस्ता. स्टँडवरचे बाप्ये बाजूला होऊन वाट द्यायचे. चाळिशी उलटल्यावर मला कळलं की मला वेग आवडतो.

नवऱ्याची अट एकच होती. ऑइलचा दिवा लागला म्हणजे इंजिनाला ऑइल पोचत नाही; गाडी जागेवर उभी करायची, तो सुट्टी काढून येईपर्यंत हात लावायचा नाही. आणि ऐन मेथीच्या दिवसांत माझ्याच पाळीला दिवा लागला. थांबले असते तर काय बिघडणार होतं? मेथी शेजाऱ्यांच्या टेम्पोतून गेली असती. पण मी गेले नसते. मी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं, एक काळी टिकली सोलली आणि त्या दिव्यावर चिकटवली. अशी चपखल बसली म्हणता — कारखान्यातूनच तशी आली असावी. आठ दिवस गाडी तशीच फिरली. माझ्या पाळीला मी गाणी म्हणत चालवली.

हसलात? हसा. इथवर नुसता वेडेपणा आहे.

नवव्या दिवशी इंजिन टकटक करायला लागलं. मी गाडी कशीबशी दारात आणली, बंद केली, नखाने टिकली काढली आणि आबांना हाक मारली. त्यांनी गाडी सुरू करून पाहिली. दिवा लालभडक. त्यांनी लगेच गाडी बंद केली. मग म्हणाले, "काल चक्कीवरनं मीच आनली गाडी. चालू केली तवा बघितलं हुतं. दिवा न्हवता."

इथे — इथे मला खरं बोलता आलं असतं. निदान गप्प तरी बसता आलं असतं, नाही का? मी म्हणाले, "हुता की, आबा. तुमी बघितला आसंल म्हनून मी काय बोलले न्हाई."

आबांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. "मग माझंच चुकलं," म्हणाले. नवऱ्यापुढेही त्यांनी सगळा दोष आपल्याच अंगावर घेतला, मला कुणी चकार शब्द बोललं नाही. पंप बसला, टाळ्या वाजल्या, तेव्हा आबा डॅशबोर्डाकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

त्यानंतर ते स्टिअरिंगला बसलेले नाहीत. लायसन्स कपाटात ठेवून दिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. आबा म्हणाले, डॉक्टर अजून पोरसवदा आहे.

आता रोज मीच चालवते, त्यांची पाळीसुद्धा माझी. आबा शेजारी बसतात. गाडी सुरू केली की विचारतात, "दिवा गेला का गं?" मी म्हणते, गेला. ते मान हलवतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. पण खरं सांगू? गाडी हलली की मी खूश असते. त्यांच्या पाळीच्या दिवशीही खूश असते.

कालव्याचा रस्ता सकाळी रिकामा असतो. गाडी बाजूला घ्यायची आणि एवढंच म्हणायचं — आबा, तुमचे डोळे चांगले आहेत, दिवा मी झाकला होता, या इकडे बसा. रोज त्या वळणावर हे वाक्य माझ्या तोंडाशी येतं. पुढे रस्ता सरळ होतो, आणि मी चौथा गिअर टाकते.