समुद्र ओलांडलेला माणूस

कोथरूडच्या रस्त्याकडेला ते उभे होते. पेपरातल्या फोटोमुळे मी लगेच ओळखलं. गॅरेजमध्ये एका कॉम्प्युटरवर कंपनी सुरू करून अब्जाधीश झालेले आणि हौस म्हणून गरम हवेच्या फुग्यातून समुद्र ओलांडून आलेले गृहस्थ. पलीकडच्या टपरीवर जुन्या दिवसांतला चहा प्यायला आले होते. एक पाय रस्त्यावर ठेवायचे, स्कूटर आली की मागे घ्यायचे.

"अहो, आपण तर समुद्र ओलांडलात!" मी म्हणालो.

"तिथे राँग साइडने कोणी येत नाही हो."

एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात अब्जाधीश, असा मी रस्ता ओलांडला. त्यांचा तळहात घामाने ओला झाला होता. चहाचा पहिला घोट घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "आपण परत पलीकडे कधी जाणार?"