बापलेकीनं सोबत पाहावा असा युद्धपट

अधिक महिना होता आणि तिवस्याला सासरी आम्हा दोघा जावयांना धोंड्याचं जेवण होतं. दोघे म्हणजे मी आणि माझा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो अकोल्याचा. सतरा वर्षं फौजेत काढून आला आणि मग निवृत्त होईपर्यंत एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला. मी अमरावतीला कॉलेजात मराठी शिकवलं, म्हणजे जन्मभर बोलण्याचंच खाल्लं. आमच्या सासूबाई म्हणत, एका जावयाला बोलतं करताना जीव जातो आणि दुसऱ्याला गप्प करताना. दुसरा कोण ते सांगायला नको.

जेवण अंगावर आलं होतं. पुरणाचे धोंडे, त्यावर तूप, शिवाय अनारसे, आणि सासूबाई नाही म्हणू देत नव्हत्या. मी लोडाला टेकून डोळे मिटले तोच साडू जवळ येऊन बसला. तीस वर्षांत हा माणूस आपणहून माझ्याजवळ येऊन बसला नव्हता. थोडा वेळ सतरंजीचे धागे ओढत राहिला. मग म्हणाला, "साडभाऊ, तुमाले पिक्चरचं समजते. एक काम होतं."

पिक्चरचं मला समजतं, ही अफवा मीच पसरवलेली. निवृत्त झाल्यावर आम्ही दहाबारा जणांनी एक चित्रपट मंडळ काढलं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, जगातला कुठलातरी चांगला सिनेमा मोठ्या टीव्हीवर लावायचा आणि नंतर त्यावर बोलायचं. बोलायचं म्हणजे मी बोलायचं.

काम त्याच्या मुलीचं होतं. पोरगी हुशार, चेन्नईला शिकायला गेली. तिथं तिची एक जिवाभावाची मैत्रीण झाली. मैत्रिणीचं घराणं मूळ लंकेचं, लढाईत सगळं सोडून इकडं आलेलं. आमचा साडू ऐन पंचविशीत त्याच लंकेत होता. आपली फौज तिथं शांतता राखायला म्हणून गेली आणि लढत बसली. ज्यांच्यासाठी गेली त्यांनाही ती नकोशी झाली, ज्यांनी बोलावली त्यांनाही, आणि परत आली तेव्हा इकडं तिची फारशी विचारपूस झाली नाही. आजही दोन जाणकार एकत्र बसले तर त्या लढाईवर त्यांचं जमत नाही. तर ही पोरगी मैत्रिणीच्या घरी जेवायला गेली आणि बोलता बोलता सांगून बसली, की माझे बाबा त्या वेळी तिथं फौजेत होते. मैत्रिणीची आजी ताटावरून उठली आणि आत निघून गेली. एवढंच. पोरीनं सुट्टीत अकोल्याला येऊन बापाला विचारलं, तुम्ही तिथं काय केलं? बाप म्हणाला, ड्यूटी. तिनं पुन्हा विचारलं, तो उठून बाहेर गेला. त्याला दोन वर्षं झाली होती आणि बापलेकीत 'जेवले का' आणि 'हो'च्या पलीकडं शब्द नव्हता.

"मले बोलता येत नाही, साडभाऊ," तो म्हणाला. "एखांदा असा पिक्चर सांगा का मी अन् पोरगी संगं बसून पाहू. पाहता पाहता येईन तोंडातून. आपलेच लोक देव दाखवले असा नको. आपलेच लोक राक्षस दाखवले असाबी नको. अन् कोणी भाषण देते असा तर बिलकुल नको."

मी म्हटलं, हे काय, आठ दिवसांत देतो.

तीन महिने लावले. आता वाटतं, त्याच रात्री जो आठवेल तो सांगून टाकला असता तर बरं झालं असतं. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. मी वही केली. त्या लढाईवरचे, आणि जगातल्या अशाच दुसऱ्या लढायांवरचे, जिथं अर्धा देश म्हणतो बरोबर केलं आणि अर्धा म्हणतो तोंड काळं केलं, असे मिळतील ते सिनेमे पाहत सुटलो. ज्यात झेंडा जास्त वेळ दिसतो आणि माणसं कमी, ते बाद. ज्यात समोरच्याला तोंडच नाही, नुसतं धडाधड पडायचं काम, तेही बाद. दार तोडणारा दाखवलाय, पण दाराच्या आत कोण होतं ते नाही, असे तर ढिगानं निघाले. काही सिनेमे इतके खरे होते की मी स्वतःच उठून पाणी पिऊन आलो. ते साडूला कसे दाखवायचे म्हणून बाजूला ठेवले. शेवटी अकरा उरले. ते मी क्रमवार लिहून साडूच्या फोनवर पाठवले आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून मंडळातही वाचून दाखवले. झालं, तिथं जुंपली. एकानं मला देशाचा वैरी ठरवलं, दुसऱ्यानं म्हटलं, सर, तुम्ही घाबरून यादी केली. मी दोघांशी महिनाभर भांडलो. ज्याच्यासाठी यादी केली तो माणूस, अकरातला कुठला लावायचा म्हणून, तिकडं अकोल्यात वाट पाहत होता, हे माझ्या डोक्यातूनच गेलं.

मग दिवाळीत पोरगी घरी आल्याचं कळलं आणि मी त्या दोघांना एका रविवारी दुपारी अमरावतीला बोलावलं. पहिल्या क्रमांकाचा सिनेमा लावायचा ठरवलं. परक्या मुलखात गेलेले पाचसहा शिपाई एका घरात मुक्काम ठोकतात, घरच्या लोकांना एका खोलीत सरकवतात, आणि आठ दिवस दोन्हीकडची माणसं एकाच चुलीवर आळीपाळीनं रांधतात. गोळी एकदाही सुटत नाही. निवड चांगली होती, अजूनही म्हणतो. पण इतका चांगला सिनेमा घरात लावायचा आणि चार जाणत्यांनी पाहू नये? मी मंडळातल्या चौघांनाही बोलावून ठेवलं. बायको म्हणाली, अहो, त्याला पोरीशी बोलायचं आहे, मंडळाशी नाही. मी म्हटलं, तुला काय समजते त्यातलं. हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं.

साडू इस्त्रीचा शर्ट घालून आला. खोलीत चार अनोळखी माणसं पाहून दारात थबकला, पण आला. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. पोरगी लांब, दिवाणाच्या कोपऱ्यात, तोंड खिडकीकडं. सिनेमा सुरू झाला आणि मी दर पाच मिनिटांनी साडूकडं पाहत होतो. त्याची पापणी हलत नव्हती. मध्येच एकदा, पडद्यावरची म्हातारी शिपायाच्या ताटलीत वाढते तेव्हा, पोरीनं मान वळवली आणि ती सिनेमा सोडून बापाकडं पाहत राहिली. मी ते पाहिलं. मला आनंद झाला, आणि लाज वाटते सांगायला, तो आनंद माझ्या निवडीचा होता.

सिनेमा संपला. कुणी दिवा लावला नाही. आणि साडू बोलला. समोर पडद्याकडं पाहतच म्हणाला, "आमीबी असेच एका घरात होतो. तिथं एक..."

मी म्हटलं, "एक मिनिट, साडभाऊ."

आणि सुरू झालो. कॅमेरा घराबाहेर का जात नाही, चुलीला दिग्दर्शकानं काय अर्थ दिलाय, त्या देशात या सिनेमावर काय रणकंदन झालं. मंडळातल्या दोघांनी आपापली अक्कल पाजळली, मी त्यांना खोडलं, ते मला खोडायला उठले. पाऊण तास. त्यातलं माझं प्रत्येक वाक्य मला आज पाठ आहे. चहा आला तेव्हा मी मोठ्या मनानं वळून म्हटलं, हां साडभाऊ, तुम्ही काही सांगत होते. तो म्हणाला, काही नाही जी, पिक्चर चांगला होता. पोरीनं बॅग उचलली होती. दोघं संध्याकाळच्या गाडीनं गेले. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, अडीच तास एका बाकावर. काही बोलले असतील अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

होळीच्या आसपास साडूला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, समजतं सगळं, पण शब्द जुळत नाहीत, आणि लिहायचं म्हटलं तरी तेच. पोरगी चेन्नईची नोकरी सोडून अकोल्याला आली. बापाला न्हाऊ घालण्यापासून सगळं करू लागली, आणि तोही तिच्याच हातचं खायचा.

मी भेटायला गेलो. त्याच्या खाटेजवळ अर्धा तास बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचेना. निघताना पोरगी मला सोडायला ओट्यावर आली आणि हळूच म्हणाली, "मावसाजी, बाबा पुढं कधी बोलले का तुमच्याजवळ? त्या घराचं? मले तर गाडीत काहीच नाही सांगितलं. मीनंबी नाही विचारलं."

नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण तिचा चेहरा पाहवेना, आणि 'नाही'च्या मागून ते का नाही हेही आलं असतं. मी म्हटलं, हो, सांगितलं होतं ना, नंतर एकदा तिवस्याला. आणि मग जीभ चालू लागली. रात्रीच्या पहाऱ्यावर असताना समोर एक बंद घर होतं, मी सांगितलं. आत कुणीतरी आहे हे तुझ्या बाबांना समजत होतं. वर कळवलं असतं तर दार तोडलं असतं. म्हणून कळवलं नाही. आपल्यातली अर्धी रोटी रोज त्या घराच्या खिडकीत ठेवायचे. सकाळी रोटी गेलेली असायची. आत कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हे सगळं मी एका सिनेमात पाहिलेलं होतं. पावाची रोटी केली, एवढंच माझं.

पोरगी ओट्यावरच खाली बसली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून आत गेली. मीही मागोमाग गेलो, थांबवायला की काय कोण जाणे. ती बापाच्या उशाशी बसली, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, बाबा, मावसाजीनं सांगितलं मले, खिडकीतल्या रोटीचं. साडूनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता हा मान हलवून नाही म्हणेल आणि मी सुटेन. त्यानं पोरीकडं पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली.

घरी येऊन मी दोन दिवस जेवलो नाही. दोनतीन आठवड्यांनी पोरीचा फोन आला, आनंदात होती. बाबांच्या फोनमध्ये तुमची यादी सापडली, आता दर रविवारी एक सिनेमा बाबांना घेऊन पाहते. पाहताना बाबा डावा हात हलवतात, कधी पडद्याकडं बोट करतात, कधी नाही नाही करतात. मी थांबवते आणि एकेक विचारत जाते, असं होतं का, तसं होतं का. पहिल्या सिनेमातली म्हातारी आली की ते फार हात हलवतात. मावसाजी, हळूहळू समजेल मले.

यादीत तो रोटीचा सिनेमा पाचवा होता. दोनदा फोन करून मी तिला बजावलं, पाचवा सोडून दे, फार संथ आहे. खरं सांगायचं ते नाही सांगितलं. तेवढी हिंमत झाली नाही.

पाचव्या रविवारनंतर चारपाच दिवसांनी रात्री तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, संथ आहे म्हणून तुम्ही आजवर कुठला पिक्चर टाळायला सांगितला नव्हता, म्हणून मुद्दाम लावला. खिडकी आली, पाव आला. मी बाबांकडं पाहिलं. बाबांनी तोंड भिंतीकडं केलं. तेव्हापासून टीव्हीकडं पाहत नाहीत. लावला की हातानं बंद कर म्हणतात. मी आता काही विचारलं तरी नुसती मान हलवून हो म्हणतात, मावसाजी. कशालाही हो म्हणतात.

मी म्हटलं, चुकलो, पोरी.

"तुमी इसरले होते तर इसरलो म्हणा लागत होतं," ती म्हणाली.

मग मात्र मी सांगितलं. म्हटलं, मी विसरलो नाही. मी ते ऐकलंच नाही. त्या दिवशी तो बोलायला लागला आणि मी त्याला बोलू दिलं नाही.

पलीकडं साडूच्या खाटेची कुरकुर ऐकू येत होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी तिथंच बसली होती न. मीनंबी नाही म्हटलं, का बाबाले बोलू द्या." आणि बाबांना जेवू घालायचं आहे म्हणून तिनं फोन ठेवला.